लॅपटॉपमधून 'वाय-फाय'च गायब? फॉरमॅट मारण्याआधी घरीच करा ही तपासणी

अर्ज भरायचा शेवटचा दिवस. कागदपत्रं समोर ठेवली, लॅपटॉप उघडला आणि खाली उजव्या कोपऱ्यात बघितलं तर वाय-फायचं चिन्हच नाही. त्याच्या जागी पृथ्वीच्या गोळ्यासारखं काहीतरी. काल रात्रीपर्यंत सगळं नीट चालू होतं. शेजारी ठेवलेल्या मोबाइलवर नेट अजूनही व्यवस्थित सुरू आहे. म्हणजे नेट गेलेलं नाही, लॅपटॉपमधलं वाय-फायच कुठंतरी गेलंय.

गावाकडं अशा वेळी पुढचं ठरलेलं असतं. लॅपटॉप पिशवीत घालायचा, तालुक्याची एसटी पकडायची आणि दुकानात नेऊन द्यायचा. दुकानात गर्दी असली की 'विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावा लागेल, उद्या या' असं उत्तर मिळू शकतं. दुसऱ्या दिवशी वाय-फाय येतं, पण सातबाऱ्याचे स्कॅन, मुलीच्या मार्कशीट, लग्नाचे फोटो आणि हिशेबाच्या फाइली गेलेल्या असतात. कधी तर फॉरमॅट मारूनही वाय-फाय येत नाही, कारण दुखणं दुसरीकडंच असतं.

खरं तर वाय-फायचा पर्याय दिसत नाही म्हणजे आतला भाग जळाला, असं नाही. पुष्कळदा तो नुसता बंद झालेला असतो, अडकलेला असतो किंवा त्याचं सॉफ्टवेअर बिघडलेलं असतं. हे ओळखायला पैसे लागत नाहीत, पाऊण-एक तास आणि थोडा धीर लागतो. फक्त क्रम पाळायचा. आधी बिनखर्चाचं आणि बिनधोक काम, मग पुढचं. फॉरमॅट सगळ्यात शेवटी.

(खालची माहिती विंडोज १० आणि विंडोज ११ असलेल्या लॅपटॉपसाठी आहे. स्क्रीनवर नावं इंग्रजीत दिसतात, इथे ती मराठी अक्षरांत दिली आहेत.)

किल्ली, ड्रायव्हर की ट्रॅक्टर?

लॅपटॉपच्या पोटात वाय-फायसाठी एक छोटं कार्ड असतं. आजकालच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये ते फक्त २२ मिलिमीटर रुंद आणि ३० मिलिमीटर लांब असतं. त्याला दोन बारीक वायरी जोडलेल्या असतात. त्या अँटेनाच्या. हे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला 'ड्रायव्हर' म्हणतात.

नाव अगदी बरोबर आहे. दारात ट्रॅक्टर उभा आहे, टाकी भरलेली आहे, पण ड्रायव्हर आला नाही तर नांगरट होत नाही. लॅपटॉपचंही तसंच. वाय-फाय गायब होण्याची कारणं या तीनपैकी एका खणात बसतात:

- किल्ली बंद आहे, म्हणजे वाय-फाय कुठून तरी बंद केलं गेलंय.
- ड्रायव्हर गैरहजर आहे, म्हणजे सॉफ्टवेअर बिघडलंय किंवा निघून गेलंय.
- ट्रॅक्टरच नादुरुस्त आहे, म्हणजे कार्ड सैल झालंय किंवा खराब झालंय.

पहिल्या दोन्हींचा इलाज घरी होतो. तिसऱ्यासाठीच दुकान लागतं.

आधी हे ओळखा: वाय-फाय गायब की नेटवर्क गायब?

इथंच पुष्कळांची गल्लत होते. खालच्या कोपऱ्यातल्या चिन्हावर क्लिक करा. वाय-फायचं बटण दिसतंय, शेजाऱ्यांची नेटवर्कची नावंही दिसतायत, फक्त आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट तेवढा दिसत नाही, असं असेल तर लॅपटॉपचं कार्ड ठीक आहे.

अशा वेळी मोबाइलच्या हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये जाऊन 'बँड' हा पर्याय बघा. तिथं ५ गिगाहर्ट्झ निवडलेलं असेल तर ते २.४ गिगाहर्ट्झ करा. जुन्या लॅपटॉपमधल्या अनेक कार्डांना ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क दिसतच नाही. नवा मोबाइल घेतला आणि लॅपटॉपला नेट मिळेना, ही तक्रार बऱ्याचदा इथंच मिटते.

पण वाय-फायचं बटणच नाही, सेटिंगमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट' उघडलं तरी 'वाय-फाय' हा शब्द दिसत नाही, तर मात्र पुढची तपासणी करायची.

आजचं काम अडलंय? मोबाइल केबलने जोडा

दुरुस्ती नंतर करता येते, फॉर्मची तारीख थांबत नाही. म्हणून आधी काम उरका. वाय-फाय नसतानाही अँड्रॉइड मोबाइलवरून लॅपटॉपला नेट देता येतं.

मोबाइल चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडा. मोबाइलच्या सेटिंगमध्ये 'हॉटस्पॉट अँड टेदरिंग' शोधा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या फोनमध्ये हा पर्याय वेगळ्या जागी असतो, त्यामुळे सेटिंगमधल्या शोधपट्टीत 'टेदरिंग' असं इंग्रजीत टाकलेलं सोपं पडतं. तिथं 'यूएसबी टेदरिंग' सुरू करा. थोड्या वेळात लॅपटॉपवर नेट येतं. लॅपटॉप त्याला 'इथरनेट' म्हणतो, वाय-फाय नाही, त्यामुळे गोंधळू नका.

'यूएसबी टेदरिंग'चं बटण फिकट दिसत असेल, दाबलं जात नसेल, तर केबल बदलून बघा. काही स्वस्त केबल फक्त चार्जिंग करतात, त्यातून डेटा जात नाही. मोबाइलबरोबर आलेली केबल असेल तर ती वापरा.

बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये आणखी एक सोय आहे. फोन स्वतः ग्रामपंचायतीच्या, शाळेच्या किंवा घरच्या वाय-फायला जोडलेला असेल, तर तेच नेट केबलमधून लॅपटॉपला मिळतं. मोबाइलचा डेटा खर्च होत नाही.

एक सावधगिरी मात्र घ्या. लॅपटॉपला नेट मिळालं की विंडोज मागच्या मागं अपडेट उतरवायला लागतं आणि दिवसाचा दीड-दोन जीबी डेटा बघता बघता संपतो. ते टाळायला सेटिंगमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट', त्यात 'इथरनेट' उघडा आणि 'मीटर्ड कनेक्शन' सुरू करा. मग विंडोज डेटा जपून वापरतं.

अर्ज भरून झाला, पावती सेव्ह केली, की निवांतपणे दुरुस्तीला लागा.

पायरी १ : किल्ली बघा

लॅपटॉपच्या सर्वात वरच्या ओळीतली बटणं नीट बघा. एका बटणावर विमानाचं किंवा मनोऱ्यातून लहरी निघाल्यासारखं चित्र असतं. लहान मुलाचा हात लागला किंवा लॅपटॉप पुसताना ते दाबलं गेलं, तर वाय-फाय बंद होतं. ते बटण एकदा दाबा. काही लॅपटॉपमध्ये खाली डावीकडचं 'एफएन' बटण धरून मग ते दाबावं लागतं.

जुन्या लॅपटॉपमध्ये कडेला किंवा पुढच्या बाजूला एक छोटा सरकता स्विच असायचा. पिशवीत घालताना तो सरकतो आणि वाय-फाय बंद पडतं. लॅपटॉप चारी बाजूंनी फिरवून बघा.

नंतर सेटिंगमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट' उघडा आणि 'एअरप्लेन मोड' बंद आहे ना, ते तपासा.

पायरी २ : लॅपटॉप खरोखर बंद करा

'मी दोनदा बंद करून चालू केला,' असं बरेच जण सांगतात. पण विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय असते. ती चालू असेल तर 'शटडाऊन' केल्यावर लॅपटॉप पूर्ण बंद होत नाही. पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावं म्हणून तो आतली काही स्थिती जपून ठेवतो. बिघाडही त्याबरोबर जपला जाऊ शकतो. म्हणून शटडाऊन नको, 'रिस्टार्ट' करा. रिस्टार्टमध्ये सगळं नव्यानं सुरू होतं.

त्यानंही जमलं नाही तर अडकलेली वीज काढून टाकायची. कीबोर्डवरचं 'शिफ्ट' बटण दाबून धरा आणि 'शटडाऊन'वर क्लिक करा. असं केल्यावर लॅपटॉप पूर्ण बंद होतो. चार्जर काढा. पेन ड्राइव्ह, माउस असं जोडलेलं सगळं काढा. बॅटरी बाहेरून काढता येणारी असेल तर तीही काढा. आता सुरू करायचं बटण साधारण ३० सेकंद दाबून धरा. आत उरलेली वीज निघून जाते. मग बॅटरी आणि चार्जर लावून लॅपटॉप सुरू करा.

हे ऐकायला टोटक्यासारखं वाटतं, पण दुरुस्ती करणारे जाणकारही सुरुवात इथूनच करतात. लॅपटॉप न बंद करता नुसतं झाकण लावून दिवसचे दिवस ठेवला किंवा विजेचा चढउतार झाला, की कार्ड कधी कधी अर्धवट अडकून बसतं. वीज पूर्ण काढून घेतली की ते पुन्हा जागं होतं.

पायरी ३ : डिव्हाइस मॅनेजरमध्ये हजेरी घ्या

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. खालच्या पट्टीतल्या 'स्टार्ट'च्या चिन्हावर माउसचं उजवं बटण दाबा आणि यादीतून 'डिव्हाइस मॅनेजर' निवडा. लॅपटॉपमधल्या सगळ्या भागांची हजेरी तिथं असते. त्यात 'नेटवर्क ॲडॅप्टर्स' या ओळीच्या डावीकडच्या छोट्या बाणावर क्लिक करा.

आता नावं वाचा. ज्या नावात 'वाय-फाय', 'वायरलेस' किंवा '८०२.११' असं काही आहे, ते आपलं कार्ड. नावाच्या सुरुवातीला इंटेल, रिअलटेक, मीडियाटेक, क्वालकॉम, ब्रॉडकॉम असं एखादं नाव असतं. 'वॅन मिनीपोर्ट' नावाच्या बऱ्याच ओळी दिसतील. त्या वाय-फाय कार्डाच्या नाहीत, त्यांना हात लावू नका. तिथं काय दिसतं, त्यावर पुढचं ठरतं.

नावावर खाली वळलेला छोटा बाण दिसतोय: कार्ड बंद करून ठेवलंय. नावावर उजवं बटण दाबून 'एनेबल डिव्हाइस' निवडा. बहुधा काम इथंच संपतं. या अवस्थेत 'कोड २२' दिसतो.

नावावर पिवळा त्रिकोण आहे: कार्ड जागेवर आहे, पण चालत नाही. नावावर दोनदा क्लिक करून आत काय लिहिलंय ते वाचा आणि कोडचा आकडा वहीत लिहून ठेवा. 'कोड २८' म्हणजे ड्रायव्हर टाकलेलाच नाही. 'कोड १०' म्हणजे कार्ड सुरू होऊ शकत नाही. 'कोड ४३' म्हणजे कार्डानं काहीतरी बिघाड कळवला म्हणून विंडोजनं ते थांबवलं. शेवटच्या दोन्हींत दोष ड्रायव्हरचा असू शकतो किंवा कार्डाचाही.

'अदर डिव्हायसेस'खाली 'नेटवर्क कंट्रोलर' असं पिवळ्या खुणेसह दिसतंय: ही चांगली बातमी समजा. ट्रॅक्टर दारात आहे, फक्त ड्रायव्हर आलेला नाही. नुकतंच विंडोज नव्यानं टाकलं असेल तर असं दिसू शकतं. फॉरमॅट मारूनही वाय-फाय का आलं नाही, याचं उत्तर अनेकदा या एका ओळीत असतं.

काहीच दिसत नाही: वरच्या 'व्ह्यू' मेन्यूत जाऊन 'शो हिडन डिव्हायसेस' निवडा. कार्डाचं नाव फिकट अक्षरांत आलं आणि आत 'कोड ४५' लिहिलेलं असेल, तर हे कार्ड पूर्वी होतं, पण आता लॅपटॉपला सापडत नाही, असा अर्थ होतो. 'ॲक्शन' मेन्यूतून 'स्कॅन फॉर हार्डवेअर चेंजेस' एकदा करून बघा.

आणखी एक खूण कामाची आहे. लॅपटॉपमध्ये वाय-फाय आणि ब्लूटूथ बहुधा एकाच कार्डावर असतात. दोन्ही एकदम गायब असतील, तर कार्ड सैल झाल्याचा किंवा त्याला वीज मिळत नसल्याचा संशय वाढतो. ब्लूटूथ नीट चालतंय आणि फक्त वाय-फाय नाही, तर ड्रायव्हरकडं आधी बघावं.

पायरी ४ : ड्रायव्हरला परत बोलवा

कार्डाचं नाव दिसतंय पण चालत नाही, अशा वेळी तीन गोष्टी याच क्रमानं करा.

पहिली: नावावर दोनदा क्लिक करा, 'ड्रायव्हर' या भागात जा. 'रोल बॅक ड्रायव्हर' हे बटण दाबता येत असेल तर दाबा. विंडोजच्या अपडेटनंतर वाय-फाय गेलं असेल, तर यामुळे आधीचा ड्रायव्हर परत येतो.

दुसरी: कार्डाच्या नावावर उजवं बटण दाबून 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' निवडा. एक छोटी चौकट येईल. त्यात ड्रायव्हरचं सॉफ्टवेअरही काढून टाकायचं का, असं विचारलेलं असतं. तिथं टिक करू नका. मग लॅपटॉप रिस्टार्ट करा. सुरू होताना विंडोज कार्ड नव्यानं ओळखतं आणि ड्रायव्हर परत लावतं. टिक केली तर ड्रायव्हरही पुसला जातो आणि नवा आणायची वेळ येते.

तिसरी: नवा ड्रायव्हर उतरवा. मोबाइल केबलने जोडून नेट घ्या. सेटिंगमध्ये 'विंडोज अपडेट' उघडा आणि त्यात 'ऑप्शनल अपडेट्स' शोधा. तिथं ड्रायव्हरच्या यादीत आपल्या कार्डाचं नाव असेल तर तेवढंच निवडा.

तिथं नसेल तर लॅपटॉप ज्या कंपनीचा आहे त्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर 'सपोर्ट' भागात जा. लॅपटॉप उलटा केला की खाली चिकटवलेल्या पट्टीवर सिरीयल नंबर असतो. काही कंपन्या त्याला 'सर्व्हिस टॅग' म्हणतात. तो नंबर तिथं टाकला की नेमक्या आपल्याच लॅपटॉपचे ड्रायव्हर समोर येतात. त्यातला 'वायरलेस' किंवा 'नेटवर्क' गटातला उतरवा. लॅपटॉपला नेट मिळतच नसेल तर ही फाइल मोबाइलवर उतरवून केबलने लॅपटॉपमध्ये घेता येते.

इथं फसू नका

'वाय-फाय ड्रायव्हर फ्री' असं गूगलवर शोधलं की भलत्याच साइट वर येतात. 'तुमच्या लॅपटॉपचे सगळे ड्रायव्हर आपोआप दुरुस्त करू' म्हणणारी सॉफ्टवेअर आधी फुकट तपासणी करतात, ढीगभर बिघाड दाखवतात आणि मग पैसे मागतात. काहींबरोबर नको ते सॉफ्टवेअरही घुसतं. ड्रायव्हरसाठी पैसे द्यावे लागत नाहीत. लॅपटॉपच्या कंपनीकडं तो फुकट मिळतो.

त्याहून मोठा धोका 'हेल्पलाइन'चा आहे. नेटवर सापडलेल्या नंबरवर फोन केला, समोरच्यानं लॅपटॉप किंवा मोबाइल दुरून हाताळता येईल असं ॲप टाकायला सांगितलं, तर तिथंच फोन ठेवा. असं ॲप टाकलं की बँकेचा ओटीपीसुद्धा समोरच्याला दिसू शकतो. कंपनीचा नंबर कंपनीच्याच संकेतस्थळावरून किंवा खरेदीच्या कागदांवरून घ्यावा. चुकून पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा.

पायरी ५ : राहिलेल्या तीन जागा

डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्ड ठणठणीत दिसतंय, पिवळी खूणही नाही, तरी वाय-फायचा पर्याय येत नाही. असं असेल तर दोष या जागी असू शकतो.

- सर्व्हिस बंद पडली: स्टार्टमध्ये 'सर्व्हिसेस' असं इंग्रजीत टाइप करून ते उघडा. लांबलचक यादीत 'डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग' शोधा. ती 'रनिंग' दिसायला हवी. नसेल तर त्यावर दोनदा क्लिक करा, 'स्टार्टअप टाइप' हे 'ऑटोमॅटिक' करा आणि 'स्टार्ट' दाबा. लॅपटॉप वेगवान करतो म्हणून काही सॉफ्टवेअर नको तिथं हात घालतात आणि ही सर्व्हिस बंद करून ठेवतात.

- नेटवर्क रिसेट: विंडोज ११ मध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट', मग 'ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज' आणि शेवटी 'नेटवर्क रिसेट'. विंडोज १० मध्ये हा पर्याय 'स्टेटस' पानाच्या खाली असतो. यानं फाइली किंवा फोटो जात नाहीत, पण साठवलेले वाय-फायचे पासवर्ड पुसले जातात. म्हणून आधी पासवर्ड लिहून ठेवा. लॅपटॉप यात रिस्टार्ट होतो, त्यामुळे चालू काम सेव्ह करून घ्या.

- बायोसमधून बंद: लॅपटॉप सुरू होताना कंपनीचं नाव येतं त्या क्षणी 'एफ २', 'एफ १०', 'डिलीट' किंवा 'एस्केप' यांपैकी एक बटण दाबलं की बायोस उघडतं. कोणतं बटण, ते कंपनीनुसार बदलतं. तिथं 'वायरलेस' असा पर्याय असेल तर तो 'एनेबल' आहे का, एवढंच बघा. बाकी कशाला हात लावू नका आणि काही बदललं गेल्याची शंका आली तर सेव्ह न करता बाहेर या.

एवढं करूनही नाहीच आलं, तर?

कार्ड कुठंच दिसत नाही, फिकट अक्षरांतही नाही, बायोसमध्येही पत्ता नाही. आता ट्रॅक्टरच तपासायला हवा. लॅपटॉप हातातून पडला असेल, मोटारसायकलवरून खडबडीत रस्त्यानं रोज जात असेल, तर कार्ड खाचेतून सैल होऊ शकतं. वाय-फाय कधी येतं, कधी जातं, लॅपटॉप गरम झाला की नाहीसं होतं, ही लक्षणंसुद्धा कार्डाकडंच बोट दाखवतात. जुना लॅपटॉप नुकताच विकत घेतला असेल आणि वाय-फाय पहिल्यापासूनच नसेल, तर आत कार्ड आहे का, हाच पहिला प्रश्न. डेस्कटॉप संगणकात तर ते अनेकदा बसवलेलंच नसतं.

वॉरंटी शिल्लक असेल तर लॅपटॉप स्वतः उघडू नका. कंपनीच्या सेवा केंद्रातच न्या. वॉरंटी संपली असली तरी सवय नसताना मागचं झाकण खोलू नये. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, बॅटरीची वायर आधी काढावी लागते आणि अँटेनाच्या वायरींची टोकं फार नाजूक असतात.

दुकानात गेल्यावर 'वाय-फाय चालत नाही, बघा जरा' एवढंच सांगू नका. काय काय करून बघितलं, डिव्हाइस मॅनेजरमध्ये काय दिसलं, कोड कोणता आला, ते सांगा. मोबाइलमध्ये त्या स्क्रीनचा फोटो काढून नेला तर उत्तमच. 'आधी कार्ड काढून पुन्हा बसवून बघा,' असं स्पष्ट सांगा. नुसतं सैल असेल तर एवढ्यानंच काम होतं.

कार्ड बदलायची वेळ आली तर जुनं कार्ड परत मागा आणि नव्याची पावती घ्या. काही लॅपटॉपमध्ये कार्ड वेगळं नसतं, मुख्य बोर्डावरच जोडलेलं असतं. तिथं ते बदलता येत नाही. काही जुन्या लॅपटॉपमध्ये कंपनीनं ठरवलेलंच कार्ड चालतं, दुसरं लावलं तर लॅपटॉप ते घेत नाही. म्हणून कार्ड आणण्याआधी मॉडेल नंबर दाखवा.

फॉरमॅटचा विषय निघालाच तर एकच प्रश्न विचारा, 'बायोसमध्ये किंवा डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्ड दिसतंय का?' कुठंच दिसत नसेल तर कार्ड सैल किंवा खराब असण्याचीच शक्यता जास्त, आणि सैल झालेलं कार्ड विंडोज नव्यानं टाकून घट्ट होत नाही. तरीही फॉरमॅट करायचं ठरलं, तर त्याआधी सगळ्या फाइली पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर स्वतःच्या डोळ्यांसमोर उतरवून घ्या आणि त्या उघडतात का, ते तिथंच तपासा.

स्वस्तातला मार्ग

कार्ड बदलता येत नसेल किंवा खर्च परवडत नसेल, तर यूएसबीला लावायचा छोटा वाय-फाय ॲडॅप्टर मिळतो. पुष्कळ जण त्याला 'डोंगल' म्हणतात. साधा ॲडॅप्टर काही शे रुपयांत येतो आणि लॅपटॉप उघडावाही लागत नाही. घेताना दोन गोष्टी बघा. त्याचा ड्रायव्हर सीडीवर येतो की ॲडॅप्टरमध्येच असतो, हे विचारा, कारण आजच्या लॅपटॉपमध्ये सीडी घालायला जागाच नसते. आणि तो फक्त २.४ गिगाहर्ट्झ घेतो की ५ गिगाहर्ट्झही, ते खोक्यावर वाचा. घराच्या भिंती जाड असतील, राउटर लांब असेल तर २.४ गिगाहर्ट्झ पल्ल्याला बरं. वेग हवा असेल तर ५ गिगाहर्ट्झ.

चालू आहे तोवर हे करून ठेवा

ज्यांच्या लॅपटॉपचं वाय-फाय आज नीट चालतंय, त्यांनी दहा मिनिटं काढावीत. डिव्हाइस मॅनेजर उघडून 'नेटवर्क ॲडॅप्टर्स'मधल्या नावांचा मोबाइलनं फोटो काढावा. लॅपटॉपच्या खालच्या पट्टीवरच्या नंबरचाही काढावा, कारण घासून घासून तो पुसट होतो. कंपनीच्या संकेतस्थळावरून वाय-फायचा ड्रायव्हर उतरवून पेन ड्राइव्हमध्ये ठेवावा. आणि सातबारा, मार्कशीट, दाखले अशा फाइलींची दुसरी प्रत लॅपटॉपच्या बाहेर कुठंतरी असावी.

वाय-फाय पुन्हा कधी गेलंच, तर किल्ली, ड्रायव्हर आणि ट्रॅक्टर या क्रमानं बघायचं. एसटीचं तिकीट त्यानंतर काढायचं.